शेवटच्याच्या मागे

पुण्याच्या माणसाला खडी दाखवायला पुण्याबाहेर का आणावं लागतं, हे मला अजून कळलेलं नाही. कोथरूडात ड्रेनेजसाठी उकरलेल्या कुठल्याही गल्लीत हवी तेवढी खडी आहे, वर वास फुकट. तरी दर रविवारी उजाडताना ही मंडळी मोटारींच्या टपावर सायकली बांधून नसरापूरच्या चौकात हजर. अंगाला इतके चिकटलेले कपडे की काल रात्री कोण काय जेवलं तेही दिसावं. पायांत खटखट वाजणारे बूट. ते टपरीवर आले की म्हातारी माणसं बाकड्यावरून उठून जागा देतात. आदरानं नाही, खुरांना भिऊन.

त्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. आमच्याकडे रस्ता खडीचा राहिला तर लोक वेल्ह्याला तहसील कचेरीवर मोर्चा नेतात. हे लोक खडी संपून डांबर लागलं की हळहळतात.

मी अमृत. बी.कॉम. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आमची वाडी. धरणाला ही मंडळी 'लेक' म्हणतात आणि झाडीला 'फॉरेस्ट'. झाडी बहुतेक सुबाभूळ आहे, पण ते मी सांगत नाही. वाटा मला माहीत, म्हणून त्यांच्या 'डस्ट अँड डेक्कन' नावाच्या क्लबानं मला धरून ठेवलंय. माझं काम रांगेत शेवटी राहायचं. कोणी दमला, पडला, रडला, तर त्याच्याजवळ थांबायचं आणि त्याला सोबत आणायचं. ह्याला ते स्वीप म्हणतात. आईला मी सुपरव्हिजन सांगितलंय.

क्लबाचे प्रमुख निनाद पेठे. त्यांना 'सर' म्हटलेलं आवडत नाही, असं ते प्रत्येक जण सर म्हणेपर्यंत थांबून मग सांगतात. त्यांनी एकदा आम्हा गावातल्या पोरांना रांगेत सायकल कशी चालवावी याचं शिबिर दिलं. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं हात खाली दाखवून 'खड्डा' म्हणायचं. त्याच्या मागच्यानं तेच म्हणायचं, मग त्याच्या मागच्यानं. मागून मोटार आली तर शेवटच्यानं 'गाडी' म्हणायचं आणि तो शब्द पुढं पोचवायचा. निनाद सर हे बेल्जियमहून शिकून आले होते.

आमच्या वाडीच्या बायका रानातून गवताचे भारे आणताना आयुष्यभर हेच करत आल्यात. डोक्यावर भारा, मान वळत नाही, पायाखालचं दिसत नाही. म्होरली म्हणते 'काटा', मागली म्हणते 'काटा'. शेवटची बाई तो शब्द ऐकून म्हणते 'सरलं'. की झालं, मागं कोणी नाही.

मी शिबिरात हात वर करून विचारलं, "शेवटच्यानं काय म्हणायचं?"

"काहीच नाही," निनाद सर म्हणाले. "त्याच्या मागे कोणी नसतंच ना. सिंपल लॉजिक आहे, अमृत."

सगळे हसले. माझी धाकटी बहीण वैष्णवी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

वैष्णवीचं सांगायला हवं. शाळेत मुलींना मिळालेल्या सायकलीवरून ही पोरगी रोज चढ चढून कॉलेजला जायची. एका रविवारी तिनं दप्तर पाठीला लावून निनाद सरांच्या क्लबातल्या दोन दाढीवाल्यांना घाटात मागं टाकलं. दोघांनी चेनचा प्रॉब्लेम असल्याचं सांगितलं. निनाद सरांनी तिला क्लबाची सायकल दिली आणि सांगितलं, मेच्या शेवटच्या राईडला बघतो. जमलं तर सप्टेंबरच्या रेसला टीममध्ये घेतो. रेस लडाखला. वैष्णवीनं तोवर कात्रजच्या पलीकडं काही पाहिलं नव्हतं. महिनाभर ती झोपेत पाय मारत होती. माझ्या बरगड्या साक्ष आहेत.

म्हणजे त्या रविवारी पणाला लागलेलं होतं ते तिचं. बाकी सगळे फक्त घाम गाळायला आले होते.

मेच्या शेवटी धरणाचं पाणी इतकं मागं सरतं की तळातला जुना रस्ता उघडा पडतो. धरण बांधलं तेव्हा गावासकट बुडालेला. गावातले सगळे वर पोचले का, ते म्हणे कोणी मोजलं नाही. दोन्ही कडांना बसवलेले दगड, मधे वाळून भेगाळलेला गाळ. निनाद सरांनी त्याला 'लॉस्ट रोड' नाव दिलं. हरवलाय कसला? दर मेमध्ये हजर असतो, एसटीपेक्षा नेमानं.

दिलावरभाई भोरचे. त्यांचा टेम्पो पाणी, केळी आणि मोडलेली माणसं वाहून नेण्यासाठी सोबत असतो. तळात टेम्पो उतरत नाही, म्हणून ते वरच्या डांबरी रस्त्यानं आमच्या वाडीच्या चढापर्यंत पुढं जाणार होते.

"अमृत," निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे लोक गाळातनं का जात्यात? वर चांगला रस्ता हाय की."

"त्यांना त्रास पायजे, भाई."

"मग लग्न करा म्हणावं."

आम्ही तळात उतरलो. ऊन अजून वर आलं नव्हतं. उजवीकडं लांबवर पाणी, शिशासारखं. वारा नाही. गाळाला ओल्या गोणपाटाचा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळ खोल, म्हणून सगळे एकामागं एक. पुढं निनाद सर, मग त्यांची मंडळी, मधे वैष्णवी, शेवटी मी.

"खड्डा," पुढून आलं. एकेक आवाज करत शब्द माझ्यापर्यंत आला. माझ्या पुढं क्लबातले एक डॉक्टर होते, ते धापा टाकत "खड्डा" म्हणाले. मी नियमानं गप्प.

"खड्डा," माझ्या मागून आलं.

या खोऱ्यात दोन्हीकडं डोंगर आहेत. आवाज फिरतो. लहानपणी आम्ही इथं शिव्या देऊन त्या परत ऐकायचो. मी मनात प्रतिध्वनीला दहापैकी आठ गुण दिले.

"दगड," पुढून. डॉक्टर, "दगड." मग माझ्या मागं, "दगड." आणि त्याच्याही मागं, जरा लांब, "दगड."

पहिला आवाज बाईचा होता, किंचित दम लागलेला. दुसरा म्हाताऱ्याचा, घशात कफ असलेला. डॉक्टरांचा आवाज फिरून एवढा बदलून येतो का, याचा मी शास्त्रीय विचार केला. मग शास्त्रीय प्रयोग केला. पुढून काहीही आलेलं नसताना मी मान जराशी वळवून म्हणालो,

"हत्ती."

"हत्ती," बाई म्हणाली.

"हत्ती," म्हातारा म्हणाला.

"हत्ती." "हत्ती." "हत्ती." शब्द मागं मागं गेला, एकेका नव्या गळ्यातनं, ऐकू येईना तोवर. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी हत्ती मनावर घेतला होता. मागं कुठंतरी एक लहान पोर रडायला लागलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

मी वळून पाहिलं. रस्ता, दगड, भेगा. माझ्या टायरचा माग. कोणी नाही.

ऊन डोक्यात गेलं, असं मी ठरवलं. ऊन अजून वर आलेलं नव्हतं, पण माणसाला काहीतरी ठरवावं लागतं.

थोड्या वेळानं मागून शब्द आला, पुढं येणारा. नियमानं मागून फक्त शेवटचा माणूस बोलतो, आणि तो मी होतो. "दमानं," म्हातारा म्हणाला. "दमानं," बाई म्हणाली, माझ्या अगदी पाठीशी. "पोरं हायती."

मी तो शब्द पुढं दिला नाही. डॉक्टरांना काय सांगू? दमानं घ्या, पोरं आहेत? डॉक्टर वर्षाला चार परिषदांना जातात. मला त्यांनी गोळी लिहून दिली असती.

मधे एक देऊळ लागतं. वर्षभर पाण्यात, मेमध्ये बाहेर. नंदी गळ्यापर्यंत गाळात. तिथं थांबून मंडळींनी नंदीसोबत फोटो काढले. एकानं त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. नंदीनं तेही सोसलं. एवढी वर्षं मासे सोसले होते. निनाद सरांनी ड्रोन उडवला आणि ड्रोनकडं न बघता लांब बघायची कसरत सगळ्यांकडून करून घेतली.

मग ते वैष्णवीजवळ आले.

"फर्स्ट हाफ ब्रिलियंट. पण पुढे जोरात जाणारे मला कितीही मिळतात. शेवट सांभाळणारा मिळत नाही. आता तू स्वीप. अमृत तुझ्या पुढे राहील. एकही माणूस मागे राहता कामा नये. तेवढं करून दाखव, तुझं नाव फायनल."

वैष्णवीचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं पाहिलं.

"सर," मी म्हणालो, "शेवटी मीच राहतो ना. रस्ता खराब आहे."

"का? मुलगी आहे म्हणून?" निनाद सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मंडळींनी माझ्याकडं, गावंढळ भावाकडं जसं बघायचं असतं, तसं पाहिलं.

वैष्णवीनं मला देवळाच्या मागं ओढलं. "दादा, काय लावलंयस? तुला बघवंना व्हय माझं?"

"तसं न्हाई गं. मागं जरा..."

"काय मागं?"

आवाज येतात म्हणू? दीड तास मी ह्या लोकांना मनातल्या मनात येडे ठरवत आलो होतो. आता येडा कोण ठरणार ते दिसत होतं.

"मागं धूळ लई हाय," मी म्हणालो.

"तू न्हेमी असाच. समद्यांची खिल्ली उडवायची आन स्वतः कायबी करायचं न्हाई." तिनं हेल्मेटचा पट्टा ओढला. "आज माझ्या म्होरं गप जायचं. लडाखवरनं तुला टोपी आणते."

निघालो. पुढं मंडळी, मग मी, मागं वैष्णवी.

"खड्डा," पुढून आलं. मी म्हणालो, "खड्डा."

वैष्णवी म्हणाली, "खड्डा."

तिला नियम पाठ होता. शेवटच्यानं गप्प राहायचं. महिनाभर घोकलेला.

तिच्या मागं बाई म्हणाली, "खड्डा." मग म्हातारा. मग बाकीचे.

"वैष्णे," मी न वळता म्हणालो, "कुणाला सांगतीस?"

"मागच्यांना."

"मागं कोण न्हाई."

"दादा, म्होरं बघ. दगड हाय."

दगड होता. मी तो चुकवला आणि मग वळलो. वैष्णवी नीट येत होती, पाठ सरळ, हात सैल, निनाद सरांच्या व्हिडिओत असतात तशी. तिच्या मागं धूळ होती. एका सायकलीची धूळ कंबरेएवढी उडते आणि बसते. ही बसत नव्हती. मागच्या वळणापर्यंत आणि वळणाच्या पलीकडं, सगळ्या रस्त्यावर ती उभी होती, वऱ्हाड चालत येत असल्यासारखी.

बाकीचे पुढं लांब गेले होते. डॉक्टरांचा आवाज येईनासा झाला. पुढून शब्द येणं थांबलं.

मग मागून आला.

फार लांबून सुरू झाला. आधी नुसती कुजबूज. एका गळ्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात, जवळ जवळ. घाबरलेलं कोणी वाटत नव्हतं. बसमध्ये 'जरा सरका' म्हणावं तसा सूर.

"पाणी," म्हातारा म्हणाला.

"पाणी," बाई म्हणाली.

"पाणी," वैष्णवी म्हणाली.

मी उजवीकडं पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं. लांब, सपाट, हलत नव्हतं.

शब्द पुढं द्यायचा माझा नंबर होता. मी दिला नाही. मागं सगळे थांबून राहिले, माझ्यासाठी. ते मला पाठीवर जाणवत होतं.

"पाणी," वैष्णवी पुन्हा म्हणाली. जरा चिडून. "दादा, पुढं सांग की."

मला आई आठवली. भारा, न वळणारी मान. मी ब्रेक लावला, दोन्ही पाय टेकले आणि सगळा दम गोळा करून ओरडलो.

"सरलं!"

डोंगरानं ते परत दिलं. सरलं, सरलं.

मग शांत. टायरचासुद्धा आवाज नाही.

मी श्वास सोडला.

"न्हाई, बाबा," लांबून एक बाई म्हणाली. अगदी ओशाळून, उशीर झाला म्हणून माफी मागावी तशी. "अजून हाय."

वैष्णवी सायकलवरून उतरली. तिनं वळून त्या धुळीकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती. शिबिरात शिकवलेला चेहरा होता. दमलेल्या माणसाला धीर देताना करायचा.

"या," ती म्हणाली. "दमानं या. मी हाय हितं."

"वैष्णे, चल."

"तू हो म्होरं. सरांना सांग, आमी येतोय."

मी गेलो. धाकट्या बहिणीचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, ते असं.

वाडीच्या चढावर टेम्पो उभा होता. मंडळी केळी खात आपापल्या हृदयाचे ठोके एकमेकांना वाचून दाखवत होती. दिलावरभाई टपावर उभे राहून तळाकडं बघत होते. मला पाहून खाली उतरले.

"आधी सांगायचं न्हाई व्हय?" ते चिडून म्हणाले. "म्या डझनभर केळी आणली. एवढ्या माणसांना काय पुरवू?"

"एवढी कुठं हायत, भाई?"

"वरनं बघितलं की म्या. देवळापासनं पार वळणापतुर लाईन. आन निम्मी तर पायीच. सायकली कुठं गेल्या त्यांच्या?"

दिलावरभाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग तळाकडं पाहिलं, आणि केळ्यांची पिशवी उगाच सीटखाली सारली.

वैष्णवी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि निनाद सर चौथ्यांदा घड्याळ बघत होते. ती चालत आली. सायकल हातात, एक हात हँडलला, दुसऱ्या हातानं सीट धरलेली, सीटवर बसलेलं कोणी पडू नये म्हणून धरावी तशी. मधेमधे थांबत, मागं बघत.

"पंक्चर?" निनाद सरांनी विचारलं.

"न्हाई सर."

"मग इतका वेळ? कोणी मागे राहिलं होतं का?"

"आता न्हाई," ती म्हणाली. "समदे आले."

निनाद सरांनी माणसं मोजली. त्यांची सगळी होती. त्यांनी वैष्णवीच्या खांद्यावर हात ठेवला, मोबाईलचा कॅमेरा सुरू करायला डॉक्टरांना खूण केली आणि टीम स्पिरिटबद्दल बरंच काही बोलले. सप्टेंबर, लडाख, ग्रासरूट टॅलेंट. टाळ्या झाल्या. वैष्णवी हसली. टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघून नव्हे, त्यांच्या मागं, जरा खाली, पोरांच्या उंचीवर बघून.

मोटारी नसरापूरकडं गेल्या. दिलावरभाई टेम्पो घेऊन भोरकडं निघाले. एरवी ते मला वाडीच्या वळणापर्यंत सोडतात. आज म्हणाले, घाई आहे.

आमचं घर तिथनं हाकेच्या अंतरावर. वैष्णवी म्हणाली, तू हो म्होरं, आमी मागनं येतो.

मी घरी आलो. आई दिवस कलताना रानातनं परतली आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसली. मी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलो. वैष्णवीला टीममध्ये घेतलं, एवढं सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं धुराला शिव्या दिल्या. इतकं चांगलं घरात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. मी बाकीचं सांगितलं नाही.

दिवे लागताना वैष्णवी आली. सायकल अंगणात उभी केली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि दाराची फळी धरून, पाठ भिंतीला लावून, बाजूला उभी राहिली.

"आलीस व्हय गं, बाय माझी," आई म्हणाली. "दार लाव. डास येत्यात."

"थांब जरा."

आई भाकरी थापत राहिली. वैष्णवी दार धरून उभीच. कोणाला तरी मान हलवत होती. मधेच तिचा हात गुडघ्यापर्यंत खाली जाई, लहान पोराच्या डोक्याला लावून त्याला आत घ्यावं तसा. बाहेर अंगणात धूळ उभी होती.

"वैष्णे, किती येळ? लाव की दार."

"अगं आई, येऊ दे की त्यांना. लांबनं चालत आल्यात."

आईनं मान वर केली. दाराकडं पाहिलं. मग जमिनीकडं, दारापासून चुलीपर्यंत, हळूहळू. थापायचं थांबलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

तिनं डब्यातनं आणखी पीठ काढलं. परातीकडं पाहून पुन्हा काढलं.

मी पाय जवळ घेतले.